ओढणे सोपे, थांबवणे अवघड

दिवाळी झाली की आपल्या सीमाभागातल्या रस्त्यांचे रूप पालटते. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, पलीकडे बिद्री आणि कागलचे कारखाने यांची धुराडी पेटतात आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरचा ट्रॅक्टर या रांगेत असतो. कोणाचे वडील तो चालवतात, कोणाचा भाऊ. शाळेत येता-जाता तुम्ही याच ट्रॉल्यांच्या बाजूने सायकल हाकता. म्हणून या अंकात आपण पुस्तकातले बल, भार, घर्षण आणि गती हे धडे रस्त्यावर आणून पाहणार आहोत.

सगळ्या धड्याचा गाभा एका वाक्यात असा: जेवढे वजन इंजिन ओढू शकते, तेवढे वजन त्याच गाडीचे ब्रेक थांबवू शकतील असे नाही. "आमचा ट्रॅक्टर वीस टन सहज ओढतो" हे खरे असू शकते. पण वीस टन सहज थांबतात का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो फार कमी वेळा विचारला जातो.

सपाट रस्ता : ओढणे का सोपे जाते?

हिशेबासाठी एक गाडी धरू. ट्रॅक्टर २ टन, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून ४ टन, आणि ऊस १४ टन. एकूण २० टन म्हणजे २०,००० किलो.

सपाट डांबरी रस्त्यावर चाक फिरत असताना जो अडथळा होतो तो वजनाच्या मानाने फार थोडा असतो. अशा गाडीसाठी तो साधारण शेकडा २ धरू. म्हणजे २० टनांची गाडी चालती ठेवायला फक्त ४०० किलोग्रॅमभार एवढे बल पुरते. चाकाची करामत हीच. तेवढाच ऊस जमिनीवरून फरफटत न्यायचा म्हटला तर ट्रॅक्टर जागचा हलणार नाही.

आता शक्ती काढू. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर. ४०० किलोग्रॅमभार म्हणजे साधारण ४,००० न्यूटन. गुणाकार केला की सुमारे २२,००० वॅट येतात. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा हे झाले ३० अश्वशक्तीच्या आसपास. ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा असेल तर चालकाला वाटते की अजून बरेच काही शिल्लक आहे. तसे ते असतेही. ट्रॉलीवर आणखी दोन थर चढवण्याचा मोह येथेच होतो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे प्रत्येक खेपेला जास्तीत जास्त माल नेण्याकडे कल असतो. चालकाला दोष देण्याआधी हे व्यवहाराचे गणितही समजून घेतले पाहिजे.

चढ : दम आहे, पण पकड नाही

रस्ता २० मीटरला १ मीटर चढतो असे धरू. अशा चढावर गाडीच्या वजनाचा विसावा भाग तिला मागे ओढतो. २० टनांचा विसावा भाग म्हणजे १ टन, अर्थात १,००० किलोग्रॅमभार. त्यात मघाचे ४०० मिळवले की १,४०० किलोग्रॅमभार लागतात.

खालच्या गिअरमध्ये हळूहळू एवढे बल इंजिन देऊ शकते. पण ते बल रस्त्यापर्यंत पोहोचवायचे काम मागच्या दोन चाकांचे. दोन टनांच्या ट्रॅक्टरचे साधारण १.४ टन वजन मागच्या चाकांवर असते. कोरड्या डांबरावर रबराची पकड त्या वजनाच्या सुमारे सात दशांश धरली, तर चाके जास्तीत जास्त १,००० किलोग्रॅमभार बल लावू शकतात. हवेत १,४००, मिळतात १,०००. मग चाके जागीच फिरतात, किंवा ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलते. तोंड उचलले की स्टिअरिंगचा उपयोग संपतो. चढावर एका गाडीला दुसरा ट्रॅक्टर लावून ओढताना तुम्ही पाहिले असेल. त्यामागचे कारण हे.

उतार : खरी परीक्षा येथे

निपाणीहून संकेश्वर-बेळगावकडे जाताना पुणे-बंगळूर महामार्गावर तवंदीचा घाट लागतो. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८. स्तवनिधीचे जैन क्षेत्र याच घाटाजवळ आहे. ब्रेक निकामी झालेल्या अवजड गाड्यांच्या अपघातांच्या बातम्या या घाटातून वारंवार येतात. पुढचे गणित या घाटाच्या मोजमापाचे नाही. मघाचाच २० ला १ हा उतार आपण घेऊ.

उतारावर तोच १,००० किलोग्रॅमभार आता गाडीला पुढे ढकलतो. चाकांचा अडथळा ४०० वजा केला तरी ६०० उरतात. एवढे बल सतत रोखून धरले तरच गाडीचा वेग वाढणार नाही.

रोखणार कोण? ट्रॉल्यांना चालू स्थितीतले ब्रेक नसतील, तर सगळी जबाबदारी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येते. त्यांची पकड आपण १,००० धरली आहे. ६०० रोखण्यात गेले, उरले ४००. एवढ्यावर २० टनांची गाडी थांबवायची. आता अंतरे पाहा. सर्व ठिकाणी वेग ताशी २० किलोमीटर धरला आहे आणि ब्रेक लागल्यापासूनचे अंतर दिले आहे.

- नुसता ट्रॅक्टर, सपाट रस्ता : सुमारे ३ मीटर
- भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह, सपाट रस्ता : सुमारे २२ मीटर
- भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह, २० ला १ उतार : सुमारे ७७ मीटर

चालकाने धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत एक सेकंद गेला, तर प्रत्येक ठिकाणी आणखी ५.६ मीटर मिळवा.

हा झाला कोरडा रस्ता. रस्त्यावर पाणी, चिखल, बारीक वाळू किंवा उसाचे पाचट असेल आणि पकड निम्म्यावर आली, तर चाकांकडे फक्त ५०० किलोग्रॅमभार राहतात. रोखायचे ६०० आहेत. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही गाडीचा वेग वाढतच राहतो. अशा वेळी लोक म्हणतात, "ब्रेक फेल झाला." पुष्कळदा ब्रेक शाबूत असतो. चाके घट्ट धरलेली असतात आणि तरीही घसरत असतात. मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते.

आता याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक आहेत असे समजा. १८ टन वजनावरच्या चाकांनी वजनाच्या फक्त तीन दशांश एवढे बल लावले, तरी ५,४०० किलोग्रॅमभार मिळतात. त्याच कोरड्या उतारावर ७७ मीटरचे अंतर पाच-सहा मीटरवर येते. ट्रॅक्टर तोच, चालक तोच, माल तोच. फरक फक्त ट्रॉलीच्या ब्रेकचा. युरोपात एकूण ७५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. पाऊण टनाला तिथे ब्रेक लागतो. आपल्या एका भरल्या ट्रॉलीचे वजन त्याच्या कितीपट होते, ते तुम्हीच काढा.

वेगाचेही लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. सपाटीवर २२ मीटरमध्ये थांबणारी आपली गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने असेल, तर ८८ मीटर घेईल.

बैलगाडीवाल्याचे शहाणपण

हे सारे जुन्या गाडीवानाला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. गाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलते. पुढे जास्त झाला तर सगळा भार मानेवर येतो आणि बैल दमतात. म्हणून गाडीवान जू हाताने उचलून पाही आणि भार किंचित पुढे ठेवी.

पिकअपच्या मागे दोन चाकांची ट्रॉली, जनरेटर किंवा काँक्रीट मिक्सर जोडतात, तिथे हाच नियम लागू आहे. अमेरिकेत घरच्या पिकअपला ट्रेलर जोडून बोट किंवा घरसामान नेण्याची पद्धत आहे. तिथे शिकवले जाते की ट्रेलरच्या एकूण वजनाचा शेकडा १० ते १५ भाग जोडणीवर, म्हणजे हुकवर, यावा. भार मागे गेला तर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि वेग वाढला की आवरत नाही. भार फार पुढे आला तर पिकअपचे मागचे अंग बसते, पुढची चाके हलकी होतात आणि गाडी नीट वळत नाही. आपल्या गाडीवानाचे जू आणि त्यांचा हुक यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही.

कायद्यानेही बैलाचा विचार केला होता. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. रस्त्यावर निदान एक किलोमीटर चढ असेल आणि तो ३० मीटरला ३ मीटरपेक्षा जास्त असेल, तर गाडीतला भार निम्मा करावा, असे त्यांत आहे. जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, हेही त्यांत आहे. चढ आला की भार कमी करायचा, हा विचार बैलाच्या बाबतीत आपल्याला पटतो, कारण बैल धापा टाकतो आणि ते दिसते. ट्रॅक्टर धापा टाकत नाही. चालक मात्र माणूसच असतो. रात्रभर कारखान्याच्या रांगेत जागून पहाटे परत निघालेल्या चालकाला किती तासांची विश्रांती मिळाली, हे घरच्यांनी विचारले पाहिजे.

उंची आणि वळण

भार किती, याइतकेच तो किती उंचावर आहे, हेही महत्त्वाचे. उसाच्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २ मीटर उंच आणि दोन बाजूंच्या चाकांतले अंतर १.६ मीटर धरू. निम्मे अंतर ०.८ मीटर. ०.८ ला २ ने भागले की ०.४ येतात. म्हणजे वळणावर बाहेर फेकणारे बल वजनाच्या चार दशांशांवर गेले की ट्रॉली कलंडते. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाला हे बल सुमारे दोन दशांश असते, गाडी सुरक्षित जाते. ताशी ३० ला ते साडेचार दशांशांच्या पुढे जाते आणि ट्रॉली उलटते. वेग फक्त १० किलोमीटरने वाढला, एवढेच. एका बाजूचे चाक साइडपट्टीवरून खाली उतरले तर याहूनही कमी वेग पुरतो.

बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर निघणारी चित्ररथ मिरवणूक आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची आहे. तिथे ट्रॉलीवर उंच देखावा असतो आणि त्यावर आपलीच मुले मावळे होऊन उभी असतात. वेग कमी असतो, हे खरे. पण उंच भार, वर उभी माणसे आणि एखादा अचानक लागलेला ब्रेक, एवढे अपघाताला पुरते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला ट्रॉलीत बसून जाणाऱ्या कुटुंबांनीही हे ध्यानात घ्यावे. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्याला मान्य नाही. ऊस बांधता येतो, माणसे बांधता येत नाहीत. धक्का बसला की ती बाहेर फेकली जातात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रॅक्टरची व्याख्या वाचण्यासारखी आहे. जे वाहन स्वतःवर भार वाहण्यासाठी बनवलेले नाही ते ट्रॅक्टर, असा तिचा आशय आहे. ट्रॅक्टर ओढण्यासाठी, वाहून नेण्यासाठी ट्रॉली. म्हणून ट्रॉलीची अवस्था ट्रॅक्टरइतकीच तपासली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड ठरवला.

त्याच दुरुस्तीतले दुसरे कलम पालकांसाठी आहे. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दहावीतला मुलगा शेतात ट्रॅक्टर छान चालवतो, याचे घरात कौतुक होते. शेतात मागे नांगर असतो आणि तो स्वतःच ट्रॅक्टरला धरून ठेवतो. रस्त्यावर मागे ट्रॉली असते आणि ती ढकलते. हा फरक कळण्याआधी मुलाच्या हाती किल्ली देऊ नये.

घरच्या गाडीसाठी

१. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेकचे पायटे वेगळे असतात, ते शेतात वळण्यासाठी. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायटे कडीने जोडावेत. न जोडता एकच दाबला गेला तर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर वळून उलटू शकतो.

२. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडू नये. इंजिनचा रोध गेला की सगळी उष्णता ब्रेकवर येते, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही.

३. हंगामापूर्वी ट्रॉलीचे ब्रेक, टायर, जोडपिन आणि तिची सुरक्षाकडी पाहून घ्यावी. जोडपिनेबरोबर साखळीही असावी.

४. ट्रॉलीच्या मागे लाल आणि पुढे पांढरे परावर्तक लावावेत. उसाचे वाढे लोंबून मागचा दिवा झाकतात, तेव्हा भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा पाहावे.

५. पंक्चर झालेली ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी राहिली, तर मागे बऱ्याच अंतरावर धोक्याची खूण ठेवावी. निघताना चाकामागे लावलेले दगड रस्त्यातून उचलावेत. मागून येणारा दुचाकीस्वार कोणाच्या तरी घरचाच असतो.

६. सायकलवरून जाणाऱ्या मुलांनी दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीजवळ जाऊ नये. वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या खुणेवरून जात नाही, ती वळणाच्या आत कापत येते.

शाळेच्या विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. सहल, मिरवणूक किंवा क्रीडास्पर्धा यांसाठी मुलांना ट्रॉलीतून नेण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा, मग अंतर कितीही कमी असो. शाळेच्या रस्त्याने उसाची वाहतूक होत असेल, तर शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी अर्धा-अर्धा तास गाड्या थांबवण्याविषयी गावकरी आणि कारखान्याचा शेती विभाग यांच्याशी हंगामापूर्वी बोलून ठेवावे.

करून पाहा

(अ) दोन मीटर लांबीची सरळ पट्टी आणि पाणसळ घ्या. शाळेच्या आवारातल्या उतारावर पट्टीचे वरचे टोक टेकवून ती पाणसळीने समपातळीत धरा आणि खालच्या टोकाशी जमिनीपासूनचे अंतर मोजा. ते १० सेंटिमीटर आले तर उतार २० ला १ आहे. वाहत्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये.

(आ) रबरी चाकांचा खेळण्यातला ट्रॅक्टर घ्या. रबरबँडने त्याची मागची चाके फिरणार नाहीत अशी बांधा. जाड तारेने मागे ट्रॉली जोडा. दोन्ही फळीवर ठेवून, ट्रॅक्टरचे तोंड खालच्या बाजूला करून, फळीचे ट्रॉलीकडचे टोक हळूहळू उचला. ट्रॅक्टर कोणत्या उंचीला घसरतो ते लिहा. आता ट्रॉलीत थोडी थोडी वाळू घालून पुन्हा पाहा. वाळूचे वजन आणि घसरण्याची उंची यांचा आलेख काढा.

(इ) घरी ट्रॅक्टर किंवा पिकअप असेल तर मोठ्यांच्या सोबतीने वरच्या यादीतल्या पहिल्या चार गोष्टी तपासा. काय बरोबर होते आणि काय दुरुस्त करावे लागले, ते वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला घेऊन या. आलेख आणि वही दोन्ही हंगाम सुरू होण्यापूर्वी दाखवायची आहेत.